डी अँड डी: चालू कॅम्पेन २०१४ च्या नियमांवरून २०२४ वर नेताना नेमकं काय मोडतं?

तळघरातला_डीएम

आमचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ) चं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर चालू आहे, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. चार पात्रं, चौघंही पाचव्या लेव्हलला:

– व्हेरिअंट ह्यूमन फायटर, ग्रेटसोर्ड, पहिल्या लेव्हललाच ग्रेट वेपन मास्टर हे फीट (पात्राला मिळणारी खास क्षमता), आता स्ट्रेंग्थ १८
– पॅलाडिन, ओथ ऑफ व्हेंजन्स
– मून ड्रुइड
– हाफ-एल्फ रोग (rogue, चोर-घातपाती), असॅसिन

खेळाडूंना वेपन मास्टरी (२०२४ च्या नियमांत शस्त्राला मिळालेला खास परिणाम) हवी आहे. बाकी नियम जुनेच ठेवून तेवढीच उचलली तर चालेल का, की सगळंच बदलावं? हाफ-एल्फ नव्या प्लेअर्स हँडबुकमध्ये नाही, त्याचं काय करायचं? आणि माझ्याकडे मॉन्स्टर मॅन्युअल जुनं आहे, साहसंही जुनीच आहेत. ती नव्या पात्रांसमोर टिकतात का? ‘दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी जुळतात’ एवढं वाचलं आहे. कुठे जुळत नाहीत ते हवं आहे.

---

नियमबुवा

राक्षस जुने चालतील, पात्रं अर्धी जुनी अर्धी नवी चालणार नाहीत. कारण तुमच्या फायटरवरच दाखवतो.

एसी १५ चा शत्रू (म्हणजे हल्ला लागायला डी२०, वीस बाजूंच्या फाशावर, मिळवणीसकट १५ हवेत), फायटरची स्ट्रेंग्थ १८ (मॉडिफायर +४), प्रोफिशियन्सी +३, म्हणजे हल्ल्याला +७. क्रिटिकल बाजूला ठेवू, नाहीतर हिशोब लांबतो.

जुन्या ग्रेट वेपन मास्टरने −५ घेऊन +१० डॅमेज करायचं तर लागण्याची शक्यता ४० टक्के आणि लागला तर सरासरी २१. म्हणजे हल्ल्यामागे ८.४.

नव्यात −५/+१० गेलं. आपल्या टर्नला अटॅक अ‍ॅक्शनमधून हेवी शस्त्राने मारलं की प्रोफिशियन्सी बोनसइतकं जादा डॅमेज, इथे +३. शक्यता ६५ टक्के, लागला तर १४, म्हणजे ९.१. शिवाय ग्रेटसोर्डची मास्टरी ग्रेझ, म्हणजे हुकला तरी स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतकं, ४ डॅमेज. ते धरून १०.५.

आता तुमचा बेत: फीट जुनं, मास्टरी नवी. ८.४ मध्ये ६० टक्के वेळा हुकल्याचे ४ मिळवा, १०.८. फरक किरकोळ वाटेल. पण पॅलाडिनने किंवा असॅसिनने अ‍ॅडव्हान्टेजची (दोन डी२० टाकून मोठा आकडा धरण्याची) सोय लावून दिली की पूर्ण नव्या नियमांचा फायटर १२.८ वर थांबतो आणि खिचडीवाला १४.९ वर जातो. −५ चा सगळा धाक हुकण्याचा होता. ग्रेझ तो धाकच काढून घेतो, म्हणून ही दोन एकत्र ठेवू नयेत. अशा जोड्या प्रत्येक क्लासमध्ये सापडतील.

पात्र बदलताना लेव्हल पाचच्या कागदावर खाडाखोड करत बसू नका. पहिल्या लेव्हलपासून परत बांधा, अर्ध्या तासाचं काम आहे:

१. स्पिशीजमुळे (ह्यूमन, हाफ-एल्फ वगैरे) मिळालेले सगळे अ‍ॅबिलिटी गुण काढून टाका. मूळ सहा आकडे हवेत.

२. गुण आता बॅकग्राउंड (पात्राचा आधीचा पेशा) देतं. त्यात तीन अ‍ॅबिलिटी नेमून दिलेल्या असतात, त्यांत +२/+१ किंवा तिन्हींत +१. सोल्जर म्हणजे स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन. क्रिमिनल म्हणजे डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स. जुन्या पुस्तकातलंच बॅकग्राउंड ठेवायचं असेल तर गुण हवे तिथे द्या आणि हवं ते ओरिजिन फीट (पहिल्या लेव्हललाच मिळणारं फीट) द्या. तशी सोय पुस्तकातच आहे.

३. ओरिजिन फीट. सोल्जरला सॅव्हेज अटॅकर, क्रिमिनलला अलर्ट. ह्यूमनला स्पिशीजमधून आणखी एक.

४. क्लास पहिल्या लेव्हलपासून नव्या तक्त्याप्रमाणे. सबक्लास सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला. जुन्या पुस्तकातला सबक्लास पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला काही देत असेल तर तेही तिसरीलाच द्या.

५. चौथ्या लेव्हलचं फीट सगळ्यात शेवटी. ही बहुतेक फीट्स आता +१ गुणही देतात.

व्हेरिअंट ह्यूमनचं प्रकरण इथे नीट सुटतं. ग्रेट वेपन मास्टर आता चौथ्या लेव्हलआधी घेता येत नाही. जुना हिशोब १५ + १ + २ = १८ होता. नवा १५, बॅकग्राउंडचे २, फीटचा १, तेच १८. वर दोन ओरिजिन फीट्स. खेळाडू तक्रार करणार नाही.

हाफ-एल्फ जुनाच ठेवा, पण त्याचे गुण (करिश्मा +२ आणि आणखी दोन +१) देऊ नका. डार्कव्हिजन, फे अ‍ॅन्सेस्ट्री, दोन स्किल्स राहतात. चारऐवजी तीन गुण आणि बदल्यात एक फीट, एकूण फायद्यातच आहे.

---

शेपटीवाली

फायटरचं झालं. खरी कुरबुर पॅलाडिन आणि मून ड्रुइडकडून येते, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

पॅलाडिन: डिव्हाइन स्माइट, म्हणजे स्लॉट (स्पेल टाकायचा मर्यादित साठा) खर्चून हल्ल्यात जादा डॅमेज, आता स्पेल आहे. हल्ला लागल्या लागल्या बोनस अ‍ॅक्शनने (टर्नमधल्या एकमेव जादा कृतीने) टाकायचा. त्यातून चार गोष्टी निघतात. एका टर्नला एकच स्माइट, पाचव्या लेव्हलला दोन्ही हल्ल्यांवर दोन स्लॉट उडवणं बंद. दुसऱ्याच्या टर्नला ऑपर्च्युनिटी अटॅकवर (जवळून निसटणाऱ्या शत्रूवरच्या हल्ल्यावर) स्माइट नाही, कारण बोनस अ‍ॅक्शन स्वतःच्या टर्नलाच असते. व्हर्बल घटक आहे, म्हणून सायलेन्सच्या घेऱ्यात चालत नाही. आणि स्पेल असल्यामुळे काउंटरस्पेलने अडवला जाऊ शकतो. डॅमेज तेच, २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे), वरच्या प्रत्येक स्लॉटला १डी८, फीन्ड आणि अनडेडला आणखी १डी८.

हे ऐकून पॅलाडिन रुसतो, म्हणून लगेच मिळकतीची बाजू सांगा. लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एक स्माइट स्लॉटशिवाय फुकट. ले ऑन हँड्स अ‍ॅक्शनऐवजी बोनस अ‍ॅक्शनने. पाचव्या लेव्हलला फाइंड स्टीड कायम तयार, एकदा फुकट. तुमच्या व्हेंजन्सवाल्यासाठी सगळ्यात मोठं म्हणजे व्हाव ऑफ एन्मिटीला आता बोनस अ‍ॅक्शन लागत नाही, अटॅक अ‍ॅक्शन घेतानाच शपथ घेता येते, १० ऐवजी ३० फुटांवरून. ते लक्ष्य मेलं की शपथ दुसऱ्यावर फिरवता येते. म्हणजे पहिल्याच टर्नला अ‍ॅडव्हान्टेजसकट हल्ले आणि स्माइट दोन्ही.

मून ड्रुइड: इथे स्वभावच बदलला आहे. पूर्वी अस्वल झालं की अस्वलाचे ३४ एचपी (हिट पॉइंट्स, जीवशक्ती) वेगळे मिळायचे आणि ते संपल्यावर आपले शाबूत. आता एचपी आपलेच राहतात, वर तात्पुरते एचपी: साध्या ड्रुइडला लेव्हलइतके, मूनला लेव्हलच्या तिप्पट, म्हणजे पाचवीला १५. तात्पुरते एचपी एकावर एक साठत नाहीत, पुन्हा वाइल्ड शेप (प्राण्याचं रूप) घेतला तर जास्त असतील ते ठेवायचे. एसी प्राण्याचा किंवा १३ + विझडम मॉडिफायर, जो मोठा तो. सर्कलचे स्पेल प्राण्याच्या रूपातही टाकता येतात. थोडक्यात, तो पूर्वी भिंत होता, आता भिंत नाही. टेबलावर जुन्या सवयीने तो पुढे घुसतो आणि दुसऱ्या फेरीत आडवा होतो. हे पहिल्या लढाईआधी सांगा.

काँजर अ‍ॅनिमल्स हा स्पेल मात्र डीएमसाठी वरदान. आठ लांडगे, आठ हल्ले, सोळा फासे हे सगळं गेलं. आता एक कळप, तो ड्रुइडबरोबर सरकतो, १० फुटांत आलेल्याने डेक्स्टेरिटी सेव्ह (परिणाम टाळायचा रोल) करायचा, चुकला तर ३डी१०, एका टर्नला एकदाच.

---

वीसपैकीवीस

रोगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. शॉर्टसोर्ड आणि डॅगर द्या. निक या मास्टरीमुळे डॅगरचा हल्ला अटॅक अ‍ॅक्शनमध्येच होतो, मग बोनस अ‍ॅक्शनने तिसरा हल्ला. पाचव्या लेव्हलला टेबलावर त्याच्याइतके हल्ले कुणाचेच नसतील.

---

ढालकाठी

तिसरा हल्ला नाही होत. लाइट शस्त्राचा जादा हल्ला टर्नमध्ये एकच. निक तो हल्ला बोनस अ‍ॅक्शनमधून काढून अटॅक अ‍ॅक्शनमध्ये घालतो, दुसरा तयार करत नाही. तिसरा हवा तर चौथ्या लेव्हलचं ड्युअल विल्डर फीट लागतं, तेच बोनस अ‍ॅक्शनचा वेगळा हल्ला देतं.

पण रोगला तिसरा हल्ला हवाय कशाला? क्रम असा ठेवा: आधी शॉर्टसोर्ड. लागला तर व्हेक्स या मास्टरीमुळे त्याच शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज. मग निकने डॅगर. स्नीक अटॅक (रोगचं टर्नला एकदाचं जादा डॅमेज) लागायच्या दोन संधी झाल्या आणि बोनस अ‍ॅक्शन हातात शिल्लक, तिने डिसएंगेज करून मागे सटकायचं. जुन्या नियमांत दुसरा हल्ला आणि सटकणं यांतलं एकच निवडावं लागायचं. डॅगरच्या जादा हल्ल्याला डॅमेजमध्ये डेक्स्टेरिटी मिळत नाही, हे शीटवर लिहून ठेवा, सगळे विसरतात. रोगला मास्टरी दोनच शस्त्रांची मिळते, तेव्हा याच दोन निवडायच्या.

पाचव्या लेव्हलला कनिंग स्ट्राइकही आहे. स्नीक अटॅकच्या ३डी६ मधला एक फासा सोडायचा आणि बदल्यात शत्रूला पाडायचं, विष द्यायचं (पॉयझनर्स किट जवळ हवं) किंवा ऑपर्च्युनिटी अटॅक न खाता अर्धा वेग सरकायचं. फासा डॅमेज टाकण्याआधी काढायचा, आकडा बघून नव्हे.

असॅसिन मात्र जुना ठेवूच नका. जुन्यात ‘सरप्राइज झालेल्यावर लागलेला प्रत्येक हल्ला क्रिटिकल’. तिथे सरप्राइज म्हणजे शत्रूचा पहिला टर्नच वाया. नव्यात सरप्राइज म्हणजे फक्त इनिशिएटिव्हला (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या रोलला) डिसअ‍ॅडव्हान्टेज. टर्न कुणाचाच बुडत नाही. मग जुना असॅसिन नव्या टेबलावर आणला की ‘शत्रू अजून सरप्राइज आहे का?’ यावर प्रत्येक घातपाताला वाद. नव्या असॅसिनला इनिशिएटिव्हवर अ‍ॅडव्हान्टेज आहे, पहिल्या फेरीत ज्याचा टर्न झाला नाही त्याच्यावर अ‍ॅडव्हान्टेज आहे आणि त्या फेरीतला स्नीक अटॅक लागला की रोगच्या लेव्हलइतकं जादा डॅमेज. कमी झणझणीत, पण नियम एका ओळीत संपतो.

---

नियमबुवा

ढालकाठींनी सरप्राइजचं काढलंच आहे तर तेच पुढे नेतो. नवं काही असेल तर लोक पुस्तक उघडून बघतात. ज्याचं नाव तेच राहिलं आणि पोटातलं बदललं, तिथे कुणी बघत नाही. टेबल तिथेच अडतं. ही यादी डीएम स्क्रीनवर चिकटवा:

हाइड. आता सरळ डीसी १५ (गाठायचा आकडा) चा स्टेल्थ. त्याआधी अट: दाट अंधार-धुक्यात किंवा निदान तीन-चतुर्थांश आडोशामागे असावं आणि शत्रूच्या नजरेत नसावं. जमलं की ‘इनव्हिजिबल’ ही कंडिशन मिळते आणि तुमचा आलेला आकडा हाच शोधणाऱ्याच्या परसेप्शनचा डीसी. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, हल्ला, व्हर्बल स्पेल किंवा शत्रूने शोधून काढणं, यांपैकी काहीही झालं की संपलं.

ग्रॅपल आणि शव्ह. अ‍ॅथलेटिक्सची झटापट गेली. आता हा अनआर्म्ड स्ट्राइकचा एक पर्याय: समोरच्याने स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी सेव्ह करायचा, डीसी ८ + स्ट्रेंग्थ + प्रोफिशियन्सी. त्यामुळे अ‍ॅथलेटिक्समध्ये एक्स्पर्टीज घेऊन राक्षसांना लोळवणारी पात्रं मंदावली. सुटताना मात्र अजून अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सच.

एक्झॉशन (थकवा). प्रत्येक लेव्हलला सगळ्या डी२० रोलवर −२ आणि वेग ५ फूट कमी, सहावीला मृत्यू. स्पेलचा सेव्ह डीसी कमी होत नाही. प्लेटेस्टच्या (छापण्याआधीच्या चाचणीच्या) मसुद्यात व्हायचा, अजून बरेच जण तोच लावतात.

काउंटरस्पेल. ज्याचा स्पेल अडवायचा त्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करायचा. चुकला तर स्पेल वाया, पण त्याचा स्लॉट जात नाही.

क्युअर वूंड्स २डी८, हीलिंग वर्ड २डी४. पोशन पिणं किंवा पाजणं बोनस अ‍ॅक्शन. लाँग रेस्टला सगळे हिट डाइस (विश्रांतीत एचपी भरून घ्यायचे फासे) परत. स्पिरिच्युअल वेपनला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष) लागतं.

आणि एका टर्नला स्लॉट खर्चून एकच स्पेल. जुना ‘बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल टाकला तर फक्त कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल)’ हा नियम विसरा.

---

तळघरातला_डीएम

सगळं बदलतोय, ठरलं. दोन शंका. हाइड करून इनव्हिजिबल झालेला असॅसिन खांबामागून उजेडात, पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर चालत आला तर? ‘इनव्हिजिबल’ लिहिलंय म्हणून तो दिसतच नाही? आणि फायटर दर हल्ल्याला शस्त्र बदलू म्हणतोय, मॉलने (मोठ्या हातोड्याने) पाडायचं आणि ग्रेटसोर्डने मारायचं. हे खरंच नियमात बसतं?

---

ढालकाठी

दुसरं आधी: बसतं. अटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक हल्ल्याला एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं, हल्ल्याच्या आधी किंवा नंतर. मॉलचा हल्ला, मॉल ठेवला. दुसऱ्या हल्ल्याआधी ग्रेटसोर्ड काढली. पाचव्या लेव्हलच्या फायटरला चार शस्त्रांची मास्टरी असते, त्यामुळे मोह होतोच. मला ते दिसायला हास्यास्पद वाटतं, पण आकड्यांत त्याने काही कोसळत नाही, बंदी घालायची गरज नाही.

वेळ खाणारी गोष्ट वेगळी आहे: टॉपल, मॉलची पाडायची मास्टरी. प्रत्येक हल्ल्यामागे डीएमने एक कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकायचा. उपाय म्हणजे डीसी (८ + ४ + ३ = १५) फायटरने स्वतः म्हणायचा आणि आधीच पडलेल्यावर टॉपल लावायचंच नाही. दुसरं म्हणजे, पडलेल्यावर पाच फुटांपलीकडून मारणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. असॅसिन धनुष्य घेऊन मागे उभा असेल तर फायटरच त्याचा स्नीक अटॅक घालवतो. अशा वेळी टॉपलपेक्षा वॉरहॅमरचा पुश (ढकलणं) किंवा लाँगसोर्डचा सॅप (शत्रूच्या पुढच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज) बरा.

हाइडबद्दल पुस्तकात ‘शत्रूने शोधलं की संपलं’ एवढंच आहे, उघड्यावर आल्यावर काय ते एका वाक्यात सांगितलेलं नाही. मी असं लावीन: आडोसा सोडल्यावर त्याच टर्नला हल्ला केला तर तो लपूनच केलेला, अ‍ॅडव्हान्टेज द्या. पण टर्न संपताना कुणाच्या सरळ नजरेत उभा असेल तर सापडला. नाहीतर ओसाड मैदानात माणूस दिवसभर ‘अदृश्य’ फिरतो. मात्र हे पहिल्या सेशनआधीच सांगा, असॅसिनच्या खेळाडूने पात्र त्यावर बांधलेलं असतं.

---

शेपटीवाली

ढालकाठींच्या टर्न संपण्याच्या नियमात एक भर. पहारेकऱ्याची पाठ असेल किंवा तो दुसऱ्या कुणाशी बोलत असेल तर लगेच सापडला म्हणू नका, त्याच्या पॅसिव्ह परसेप्शनशी (फासा न टाकता धरलेल्या आकड्याशी) स्टेल्थचा आकडा ताडून बघा. नाहीतर चोरपावलांनी मागून जाणं हा प्रकारच खेळातून जातो.

---

जादूची_पोतडी

राक्षसांचा प्रश्न तसाच राहिला.

जुनं मॉन्स्टर मॅन्युअल चालतं, फक्त लढाई मोजायची पद्धत नवीन घ्या, तीही पूर्ण. चार ओग्र घ्या, प्रत्येकी ४५० एक्सपी (अनुभवगुण), एकूण १८००. जुन्या पद्धतीत तीन ते सहा राक्षसांना दुप्पट, म्हणजे ३६००. पाचव्या लेव्हलच्या चौघांना ‘हार्ड’ची रेषा ३००० आणि ‘डेडली’ची ४४००, म्हणजे लढाई हार्ड. नव्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गुणाकारच नाही. पाचव्या लेव्हलला दर पात्रामागे लो ५००, मॉडरेट ७५०, हाय ११००. चौघांचे २०००, ३०००, ४४००. तेच चार ओग्र ‘लो’च्याही खाली. म्हणून जुन्या छापील साहसातल्या टोळ्या नव्या पात्रांना चिरडता येतात. लढाई फुसकी वाटली तर आकडे नव्या तक्त्याने पुन्हा लावा. पण नुसती संख्या वाढवूनही भागत नाही: ४४०० मध्ये नऊ ओग्र बसतात, आणि पात्रांच्या दुपटीपेक्षा जास्त राक्षस असले की जपा, असं गाइडही म्हणतं. एखादा वरच्या सीआरचा (राक्षसाच्या ताकदीच्या पायरीचा) घाला.

जुन्या स्टॅट ब्लॉकमध्ये (राक्षसाच्या आकड्यांच्या तक्त्यात) इनिशिएटिव्ह छापलेला नसतो. डेक्स्टेरिटी मॉडिफायर वापरा. ठरलेला आकडा हवा असेल तर १० + मॉडिफायर, सरप्राइज झाला असेल तर त्यातून ५ वजा.

फेब्रुवारी २०२५ चं नवं मॉन्स्टर मॅन्युअल पुढे घेतलंत तर दोन गोष्टी बघून ठेवा. एक, बऱ्याच राक्षसांच्या हल्ल्यावरचा सेव्ह गेला आहे. लांडग्याचा चावा बसला की मध्यम आकाराचं पात्र थेट आडवं, पूर्वी स्ट्रेंग्थ सेव्ह असायचा. टोळीत चार लांडगे असतील तर समोरचा फायटर आपला निम्मा वेग उठण्यातच घालवतो. दोन, प्रकार बदललेत. गॉब्लिन आता फे, कोबोल्ड ड्रॅगन. होल्ड पर्सन आणि चार्म पर्सन ह्यूमनॉइडवरच चालतात, म्हणजे गॉब्लिनवर नाहीत. साहस जुनं आणि गॉब्लिन नवा असेल तर खेळाडूला स्लॉट घालवण्याआधी सांगा.

---

वीसपैकीवीस

तीनही पुस्तकं घ्यायच्या आधी एसआरडी ५.२ (प्रकाशकाने खुला केलेला मूळ नियमांचा भाग) उतरवून घ्या. एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे. मास्टरी, हाइड, ग्रॅपल, एक्झॉशन, स्पेल असं बरंचसं त्यात आहे.

---

नियमबुवा

आहे, पण या टेबलाला अपुरं पडेल. एसआरडीत प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास: फायटरचा चॅम्पियन, पॅलाडिनचा डिव्होशन, ड्रुइडचा लँड, रोगचा थीफ. व्हेंजन्स, मून, असॅसिन यांतलं एकही नाही, ग्रेट वेपन मास्टरही नाही, आणि बॅकग्राउंड चारच: अकोलाइट, क्रिमिनल, सेज, सोल्जर. डीएमने नियम वाचायला एसआरडी, पात्रं बांधायला टेबलावर एक प्लेअर्स हँडबुक, एवढ्यावर सुरुवात होते.